पदवी मुलाची, हक्क कोणाचा?

निकालांचे दिवस आले की आपल्या चर्चमधील मिस्साच्या हेतूंची यादी पालटते. एरवी दिवंगतांच्या आत्म्यांस चिरशांती, आजाऱ्यास आरोग्य, लग्नाचा वाढदिवस असे हेतू वाचले जातात. जून-जुलैमध्ये त्यांत ‘मुलगी बी.कॉम. झाली’, ‘नातू इंजिनिअर झाला’, ‘मुलाला परदेशी शिक्षणासाठी व्हिसा मिळाला’ अशा कृतज्ञतेच्या हेतूंची भर पडते. संध्याकाळी घरी जेवण असते, शेजारीपाजारी पेढे जातात आणि अलीकडे नाक्यावर फ्लेक्सही झळकतो. फ्लेक्सवर काळा झगा आणि चौकोनी टोपी घातलेला मुलाचा फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून अख्ख्या कुटुंबाची नावे.

या आनंदाला नाक मुरडण्याचे काहीच कारण नाही. संत लूकच्या शुभवर्तमानातील बाईला हरवलेले एक नाणे सापडते तेव्हा ती मैत्रिणींना आणि शेजारणींना हाका मारून बोलावते. आनंद एकट्याला पचत नाही, तो वाटावा लागतो. मुलाची पदवी तर नाण्याहून कितीतरी मोलाची.

मात्र या आनंदाच्या पोटात एक प्रश्न असतो. पाहुणे गेल्यावर, दोन-चार दिवसांनी तो बाहेर येतो. आता पुढे काय? मुलगा म्हणतो, मला नोकरी नको, स्वतःचा धंदा करायचा आहे. मुलगी म्हणते, कॉमर्स केले ते तुमच्यासाठी, आता मला चित्रकला शिकायची आहे. कोणी म्हणतो, मी कॅनडाला जातो. क्वचित एखादा म्हणतो, मला सेमिनरीत जायचे आहे. आणि मग घरात ते वाक्य उच्चारले जाते: ‘आम्ही पोटाला चिमटा काढून तुला शिकवले ते याच्यासाठी का?’

पालकहो, या वाक्यात दोन गोष्टी एकत्र मिसळल्या आहेत. एक अगदी खरी आहे, दुसरी तपासून पाहण्यासारखी आहे.

खरी गोष्ट ही की पदवी कधीच एकट्या मुलाची नसते. आपल्या वसईच्या घराघरांत याचा पुरावा आहे. केळी, खायची पाने, फुले, भाजी आणि दूध पहाटेच्या गाडीने मुंबईला नेऊन विकणाऱ्या आजोबांनी घरातील पहिल्या मॅट्रिकची फी भरली. त्या मॅट्रिक झालेल्याने सरकारी किंवा कंपनीची नोकरी धरली आणि आपल्या मुलांना कॉलेजात घातले. आज जो फ्लेक्सवर दिसतो तो बहुधा या साखळीतला तिसरा किंवा चौथा. त्याच्या टोपीला आजोबांच्या घामाचा वास आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती नव्हे.

आणि एक गोष्ट आपण फारशी बोलत नाही. अनेक घरांत एक थोरली बहीण असते. दहावी-बारावी झाल्यावर ती कामाला लागली, कारण धाकट्या भावाच्या इंजिनिअरिंगचा खर्च बाबांच्या एकट्याच्या पगारात बसत नव्हता. पुढे तिचे लग्न झाले, ती सासरी गेली. भावाच्या समारंभात ती स्वयंपाकघरात वाढपाचे बघत असते. फ्लेक्सवर तिचे नाव असलेच तर नवऱ्याच्या नावाच्या पाठीमागे. पदवीवर कोणाचा हक्क आहे याची चर्चा करायचीच असेल तर ती आई-वडिलांपाशी थांबू नये. मुलाने सर्वांसमक्ष तिचे नाव घेऊन दोन शब्द बोलावेत. त्याला खर्च लागत नाही, पण माझ्या पाहण्यात ते फार क्वचित घडते.

आता तपासून पाहण्याची गोष्ट. खर्च केला म्हणून मुलाच्या पुढच्या आयुष्याची दिशा ठरवण्याचा हक्क मिळतो का?

संत ऑगस्टीन यांच्या घरातील हकीकत या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांचा जन्म ३५४ साली उत्तर आफ्रिकेतील थागास्ते या गावी झाला. हे गाव आजच्या अल्जीरिया देशात आहे. वडील पॅट्रिसियस हे बेताच्या मिळकतीचे गृहस्थ. मुलगा हुशार आहे, वक्तृत्व शिकून मोठा होईल, हे त्यांनी हेरले होते. ऑगस्टीन सोळा वर्षांचे असताना पैशांअभावी त्यांचे शिक्षण वर्षभर खोळंबले आणि वडील कार्थेज शहरातील शिक्षणासाठी पैसा जमवत राहिले. ऐपतीबाहेर जाऊन त्यांनी तो उभा केला. गावातील त्यांच्याहून श्रीमंत लोकही मुलांसाठी इतके करत नव्हते, त्यामुळे सगळीकडे त्यांची वाहवा झाली. हे सारे स्वतः ऑगस्टीन यांनीच आपल्या ‘कबुलीजबाब’ या ग्रंथात लिहून ठेवले आहे. पण त्याला जोडून ते एक बोचरी गोष्टही सांगतात. मुलगा बोलण्यात तरबेज व्हावा एवढीच वडिलांना काळजी होती. माणूस म्हणून तो देवापुढे कसा वाढतो आहे, याची त्यांना फिकीर नव्हती.

आणि आई? संत मोनिका म्हटले की मुलासाठी अश्रू ढाळणारी माता आपल्यासमोर उभी राहते. ते खरेच आहे. पण त्याच ग्रंथात ऑगस्टीन आईबद्दलही काही सांगतात. मुलाचे पाऊल वाकडे पडत असल्याचे दिसत असूनही तिने त्याचे लग्न लावण्याची घाई केली नाही, कारण बायको आली तर शिक्षणात अडथळा येईल अशी तिला धास्ती होती. म्हणजे ‘आधी करिअर, मग बाकीचे’ हा हिशेब सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका संत आईनेही केला होता. संत म्हणून आपण तिला मान देतो ती जन्मतःच सारे उमगलेली म्हणून नव्हे. तीही हळूहळू शिकत गेली.

तिच्या शिक्षणातील सर्वात कठीण धडा ३८३ सालचा. ऑगस्टीन यांनी रोमला जायचे ठरवले. आईने त्यांना घट्ट धरून ठेवले; जायचेच तर मलाही ने, म्हणाली. मित्राला निरोप द्यायचा आहे अशी थाप मारून त्यांनी तिला बंदराजवळच्या संत सिप्रियन यांच्या प्रार्थनामंदिरात रात्र काढायला लावली आणि स्वतः गुपचूप जहाजात बसले. ती मात्र त्या रात्री मुलाने जाऊ नये म्हणून प्रार्थना करत होती. सकाळी जहाज निघून गेलेले होते. त्या रात्रीची प्रार्थना देवाने ऐकली नाही, असेच तिला वाटले असणार. ऑगस्टीन नंतर लिहितात की देवाने ती एक मागणी नाकारली ती तिची जन्मभराची मागणी पुरी करण्यासाठी. ते रोमहून मिलानला गेले, तिथे बिशप संत अँब्रोज यांची प्रवचने त्यांच्या कानी पडली आणि ३८७ च्या ईस्टरला त्यांनी स्नानसंस्कार घेतला. तोवर त्यांनी वक्तृत्वाच्या प्राध्यापकाची मानाची नोकरी सोडलेली होती. वडिलांनी ज्या शिक्षणासाठी ऐपतीबाहेर जाण्याची तयारी ठेवली होती, त्या शिक्षणातून मिळालेले पद मुलाने पस्तिशीच्या आत खाली ठेवले. पॅट्रिसियस हयात असते तर काय म्हणाले असते?

मला वाटते, तेच वाक्य म्हणाले असते. पोटाला चिमटा काढून शिकवले ते याच्यासाठी का?

पण ऑगस्टीन यांचे शिक्षण वाया गेले असे कोण म्हणेल? पुढे बिशप म्हणून त्यांनी जे लिहिले, जे उपदेश केले, त्यांत कार्थेजमध्ये शिकलेले वक्तृत्व पानोपानी आहे. वडिलांचा पैसा सत्कारणी लागला, फक्त वडिलांनी ठरवलेल्या कारणी लागला नाही.

तत्त्वज्ञांनीही या देण्याघेण्याचा विचार केला आहे. ॲरिस्टॉटल म्हणतो की मुलगा वडिलांचे ऋण कधीच पुरते फेडू शकत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच धागा पुढे नेला. आई-वडिलांप्रती असलेले कर्तव्य हे न्यायाचेच एक अंग, पण वेगळ्या प्रकारचे, कारण येथे जेवढे घेतले तेवढे परत करणे शक्यच नसते. हे वाचून काही पालकांना समाधान वाटेल. पण यातून एक गोष्ट ओघाने येते, तिकडेही पाहिले पाहिजे. जे फेडता येत नाही त्याची वसुलीही करता येत नाही. सावकार हप्ता मागू शकतो, कारण रक्कम ठरलेली असते. जन्म दिला, रात्री जागून ताप उतरवला, बोट धरून शाळेत नेले, याची रक्कम कोणती? ती मागायला गेलो की दिलेले दान मागाहून कर्ज बनते आणि देणाऱ्याच्या हातून दिल्याचा आनंदही जातो.

येथे कोणी म्हणेल, बोलणे सोपे आहे. आमच्या डोक्यावर बँकेचे खरेखुरे कर्ज आहे त्याचे काय? रास्त प्रश्न आहे. शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असतात. साडेसात लाखांपुढच्या कर्जासाठी बँका सहसा तारण मागतात आणि आपल्याकडे तारण म्हणजे घर किंवा वाडवडिलांची जागा. अभ्यासक्रम चालू असताना आणि त्यानंतर साधारण वर्षभर हप्ते सुरू होत नाहीत, व्याज मात्र चढत राहते. परदेशाचा बेत तर आणखी बेभरवशाचा. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा जाहीर केली आणि ठरलेले बेत एका घोषणेने डळमळीत झाले.

हे कर्ज हे कर्जच आहे. ते फेडण्याची जबाबदारी ज्याने शिक्षण घेतले त्याने उचलली पाहिजे आणि आवडीचे काम शोधायचे आहे ही सबब त्याला चालणार नाही. पण त्यासाठी आकडा त्याला ठाऊक असायला हवा. कित्येक घरांत तो लपवला जातो. पोराच्या डोक्याला ताप नको म्हणून आई-बाबा गप्प राहतात. आईच्या बांगड्या गहाण गेल्या हेही त्याला कळत नाही. पुढे भांडण झाले की तोच आकडा दगडासारखा फेकून मारला जातो. त्यापेक्षा प्रवेश घेण्यापूर्वीच जेवणाच्या टेबलावर वही उघडून बसावे. इतके कर्ज, इतके व्याज, इतके आम्ही सोसणार, इतके तू. अशा घरातला मुलगा पदवी घेऊन बाहेर पडतो तेव्हा त्याला आपले देणे माहीत असते आणि आपले स्वातंत्र्यही. बँकेचा हिशेब असा चोख ठेवला की मग त्याच वहीत दूध, भात आणि मायेचा हिशेब मांडण्याचा मोह होत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत आपल्या समजापेक्षा अधिक स्पष्ट आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅटेकिझममध्ये चौथ्या आज्ञेचे विवेचन करताना म्हटले आहे की मुले स्वतंत्र झाली की आज्ञापालनाचे बंधन संपते, आदराचे बंधन मात्र कधीच संपत नाही. सज्ञान झालेल्या मुलांना आपला व्यवसाय आणि आपली जीवनावस्था निवडण्याचा हक्क आहे आणि ते त्यांचे कर्तव्यही आहे. पालकांनी सल्ला जरूर द्यावा. व्यवसाय किंवा जोडीदार निवडताना दडपण मात्र आणू नये. आपण मुलांना चौथी आज्ञा लहानपणी तोंडपाठ करायला लावतो. तिच्या विवेचनात पालकांसाठीही दोन गोष्टी आहेत, हे आपल्या कानी फारसे येत नाही.

याचा अर्थ मुलांना रान मोकळे झाले असा घेऊ नये. प्रभू येशूने परुश्यांना खडसावले ते याच मुद्द्यावर. आई-वडिलांना द्यायचा पैसा ‘कुर्बान’ म्हणजे देवाला अर्पण केला असे जाहीर करून त्यांना वाऱ्यावर सोडण्याची पळवाट काही लोकांनी काढली होती. मार्कच्या सातव्या अध्यायात हा प्रसंग आहे. देवाचे नाव पुढे करूनही जे टाळता येत नाही, ते करिअरचे नाव पुढे करून कसे टाळता येईल? बेन सिराच्या ग्रंथात तर वृद्ध पित्याची बुद्धी चालेनाशी झाली तरी त्याला समजून घेण्यास सांगितले आहे. मुलगा कोणते काम करील हे वडिलांनी ठरवू नये. पण वडिलांना पक्षाघात झाला की दवाखान्यात कोण धावेल, हा प्रश्न मुलाने ‘तुम्हीच तर मला मोकळे सोडले’ म्हणून झटकू नये. आज्ञा वेगळी, सेवा वेगळी. आपल्या घरांतली बरीच भांडणे या दोहोंची गल्लत झाल्याने होतात.

शुभवर्तमानात या विषयावरचे एक कुटुंब आहे, जब्दीचे. याकोब आणि योहान होडीत जाळी नीट करत असताना येशूने त्यांना बोलावले आणि ते वडिलांना होडीत सोडून गेले. मार्क एवढीच नोंद करतो की जब्दी चाकरांबरोबर होडीत राहिला. म्हणजे चाकर ठेवण्याइतका धंदा होता आणि तो मुलांच्या हाती जायचा होता. जब्दी काही बोलल्याचे कोठेही लिहिलेले नाही. त्याने आरडाओरडा केला नाही की आशीर्वादही दिला नाही. ज्या शेतकऱ्याचा मुलगा पदवीनंतर वाडीत परतत नाही, त्याला हे मौन चांगले कळेल.

आईचे मात्र बोलणे नोंदलेले आहे. ती येशूकडे येऊन मागते की तुझ्या राज्यात माझ्या एका मुलाला उजवीकडे आणि दुसऱ्याला डावीकडे जागा दे. आपण या बाईला हसतो. पण तिने मागितले ते प्रत्येक आई मागते, फक्त ती ते उघडपणे म्हणाली. आपण प्राचार्यांना भेटतो, ओळखीच्या नगरसेवकाला फोन करतो, नोव्हेनाला जातो. येशूने तिला झिडकारले नाही; तू काय मागतेस ते तुला कळत नाही, अशा अर्थाचे काही तो म्हणाला. ती नंतर कोठे दिसते? मत्तय सांगतो की ती क्रुसापाशी होती, दुरून पाहणाऱ्या स्त्रियांमध्ये. त्या दिवशी येशूच्या उजव्या-डाव्या बाजूच्या जागा दोन लुटारूंना मिळाल्या होत्या. जागा मिळाली नाही म्हणून ती परत गेली नव्हती.

पदवी म्हणजे शेवटी काय, यासाठी आपल्याच मातीतले एक उदाहरण सांगतो. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ साली नाशिकला, प्रोटेस्टंट ख्रिस्ती कुटुंबात झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. त्यांचे गुण सरकारी शिष्यवृत्तीला पुरेसे होते, पण स्त्री असल्याने ती नाकारली गेली. इंग्लंडमधील हितचिंतकांनी मदत उभी केली आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली, पण ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदवी देतच नव्हते. प्रत्यक्ष पदवी मिळाली १९२२ साली, तीस वर्षांनी. तो कागद पाहायला आई-वडील हयात नव्हते. मग त्यांच्या कष्टांचे चीज झाले नाही असे म्हणायचे का? त्या तीस वर्षांत त्यांच्या लेकीने पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्कांसाठी कायद्याचे काम केले होते.

आपल्या धर्मग्रामांत दरवर्षी गुणगौरव समारंभ होतो, त्याबद्दलही थोडे बोलणे आवश्यक आहे. टक्केवारीची अट असते, पदव्यांची यादी असते, नावे पुकारली जातात, पालक टाळ्या वाजवतात. हे असावे. पण मागच्या बाकांवर ज्याचा मुलगा तिसऱ्या वर्षाला दोन विषयांत राहिला तो बापही बसलेला असतो. बहुधा तो आलेलाच नसतो. आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद आणि रडणाऱ्यांबरोबर शोक करण्यास संत पौलाने एकाच दमात सांगितले आहे. आयटीआय करून वायरमन झालेला, नर्सिंग पूर्ण केलेली, बाबांचा आजार निघाल्याने कॉलेज सोडून दुकानावर बसलेला, या तिघांची नावे व्यासपीठावरून घेतली तर कोणाचे टक्के कमी होणार नाहीत. समारंभ भरवणाऱ्या समितीने यंदा निदान अर्जाच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा: शिक्षणासाठी घरात कोणी आपले शिक्षण सोडले का? उत्तरे वाचून आपण सगळेच चकित होऊ.

परदेशी निघालेल्या मुलांच्या आई-वडिलांच्या मनात एक भीती असते आणि ती समारंभात कोणी बोलून दाखवत नाही. आपल्या अंत्यविधीला पोरगा वेळेवर पोहोचेल का? मोनिका हिलाही हीच काळजी होती. थागास्तेला पतीशेजारी आपल्याला पुरावे म्हणून तिने जागा राखून ठेवली होती आणि त्याची ती फार काळजी वाही. स्नानसंस्कार झालेल्या मुलाबरोबर ती आफ्रिकेला परतायला निघाली, पण रोमजवळच्या ओस्तिया बंदरात तापाने आजारी पडली. त्या वेळी ती छप्पन वर्षांची होती. परक्या मुलखात मरण आले तर कसे, असे ऑगस्टीन यांचा भाऊ बोलू लागला तेव्हा तिने त्याला थांबवले. या देहाला कोठेही पुरा, त्याची काळजी नको, म्हणाली. तुम्ही जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा, एवढेच तिने मागितले.